दुकानाच्या दारावरचा एअर कर्टन हीटर गार हवा फेकतोय, जाणकारांनी सांगावं

हवालदिल | ११ नोव्हेंबर, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. लंडनच्या पश्चिमेला स्लाऊ गावात माझं किराणा दुकान आहे. दारावर दीड मीटर लांबीचा विजेवरचा एअर कर्टन (दारात वरून गरम हवेचा झोत सोडणारं यंत्र) आहे, १२ किलोवॅटचा, थ्री फेज. आधीच्या भाडेकरूने बसवलेला, त्यामुळे कागदपत्रं काही नाहीत.

थंडी सुरू झाल्यापासून त्रास असा: सकाळी चालू केला की पंखा फिरतो पण हवा गार. बाजूचं झाकण उघडून आतलं छोटं लाल बटण दाबलं की गरम व्हायला लागतो. मग कधी दिवसभर चालतो, कधी दुपारीच गार पडतो. दुसऱ्या दिवशी सकाळी हमखास गार. इलेक्ट्रिशियन येऊन गेला. म्हणाला एलिमेंट (हवा तापवणारे भाग) गेलेत, सगळे बदला, नाहीतर नवीन युनिटच घ्या. कोटेशन ऐकून मला असा घाम फुटला की हीटरची गरजच उरली नाही.

एलिमेंट बदलावेत का? कुणाला या यंत्राचा अनुभव आहे का?

टाँगटेस्टर | ११ नोव्हेंबर, रात्री ११:०२

मी बर्मिंगहॅमला इमारतींच्या मेंटेनन्समध्ये आहे. हिवाळ्यात निम्मी कामं याच यंत्राची असतात.

एलिमेंट गेलेत हे निदान मला पटत नाही. गेलेलं एलिमेंट बटण दाबून जिवंत होत नाही. तुम्ही दाबताय ते ओव्हरहीट कटआउटचं (जास्त तापलं की हीट तोडणाऱ्या स्विचचं) रीसेट. म्हणजे आत काहीतरी जास्त तापतंय आणि कटआउट आपलं काम चोख करतोय. आता तापतंय का, एवढाच प्रश्न.

तीन गोष्टी सांगा. एक, पूर्ण हीटवर तिन्ही फेजचा करंट किती? इलेक्ट्रिशियनने क्लॅम्प मीटर (तारेभोवती धरून करंट मोजणारा) लावला असेल तर त्याने लिहून ठेवला असेल. दोन, हवा आत ओढणारी जाळी शेवटची कधी साफ केली? तीन, आणि हे महत्त्वाचं, रात्री युनिट बंद कसं करता?

तोवर ते बटण दाबत बसू नका. आणि कुणी ‘कटआउट बायपास करून देतो’ म्हणालं तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

चहाटळ | ११ नोव्हेंबर, रात्री ११:२०

चहा तरी कशाला?

हवालदिल | १२ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

टाँगटेस्टर दादा, धन्यवाद. करंट त्याने बिलावरच लिहिलाय: १७.३, १७.१, १७.२. जाळीचं विचारू नका, आज शिडी लावून बघितलं तर राखाडी गोधडीच निघाली. व्हॅक्यूमने काढली.

रात्री मी काहीच करत नाही. मीटरजवळ टाइम स्विच आहे, ९ वाजता तो सगळं आपोआप बंद करतो. सकाळी ७ ला चालू.

टाँगटेस्टर | १२ नोव्हेंबर, दुपारी १:१०

सापडला तुमचा सकाळचा चोर. रात्री ९ वाजताच येतो तो.

आधी करंट. १२ किलोवॅट तीन फेजमध्ये वाटले की फेजला ४ किलोवॅट, म्हणजे ४००० वॅट. त्याला २३० व्होल्टने भागा, १७.४ अँपिअर. तुमचे आकडे तंतोतंत तेच आहेत, म्हणजे सगळी एलिमेंट्स ठणठणीत. एखादं गेलं असतं तर त्या फेजवर आकडा पडला असता. ज्याने हे आकडे लिहिले त्यानेच एलिमेंट बदला म्हणावं, याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

आता टाइम स्विच. हीट बंद केली की एलिमेंट लगेच गार होत नाही. म्हणून चांगल्या युनिटमध्ये हीट आधी सुटते आणि पंखा आणखी काही मिनिटं फिरत राहून आतली ऊब बाहेर काढतो. तुमचा टाइम स्विच मेन सप्लायच तोडतोय. हीट आणि पंखा दोन्ही एका क्षणी बंद. लालबुंद एलिमेंट्सची सगळी उष्णता त्या बंद पेटीत कोंडते, वर चढते, आणि कटआउट उडतो. तो हाताने रीसेट करायचा असल्यामुळे सकाळपर्यंत उडालेलाच राहतो. रोज असं केल्यावर पंख्याच्या बेअरिंगमधलं ग्रीसही वाळतं आणि प्लास्टिकचे भाग ठिसूळ होतात.

आज रात्री टाइम स्विच मॅन्युअलवर ठेवा. युनिटच्या भिंतीवरच्या कंट्रोलरवरून बंद करा आणि पंखा स्वतःहून थांबेपर्यंत बघत राहा. उद्या सकाळी सांगा.

ओहम_शांती | १२ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०

टाँगटेस्टर यांच्याशी सहमत. मी रेडिंग शहरात बिल्डिंग कंट्रोल्समध्ये काम करते. टाइम स्विच फेकून द्यायची गरज नाही, फक्त त्याची जागा चुकली आहे. बहुतेक युनिट्सच्या कंट्रोल कार्डवर (युनिट चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक सर्किटवर) बाहेरून चालू-बंद करायला दोन टर्मिनल असतात, ती फक्त एकमेकांना जोडली की ‘चालू’, सोडली की ‘बंद’. टाइम स्विचचा कोरडा संपर्क (स्वतः व्होल्टेज न देता नुसता जोडणारा-सोडणारा) तिथे आणा. मग ९ वाजता कार्डला निरोप जातो आणि पंखा आपला वेळ घेऊन थांबतो.

कोरडा हा शब्द अधोरेखित. त्या टर्मिनलवर २३० व्होल्ट चढवून कार्ड जाळलेली युनिट्स मी ढिगाने बघितली आहेत. टाइम स्विच स्वतःच्या आतून फेज बाहेर देणारा असेल तर मध्ये एक रिले (विजेने चालणारा छोटा स्विच) घाला. आणि ती वायर मेन केबलच्या ट्रंकिंगमधून नेऊ नका.

एक धोक्याची सूचना, स्वतः झाकण उघडणाऱ्यांसाठी. मोठ्या इमारतींत कंट्रोलचा सप्लाय वेगळ्या बोर्डावरून आलेला असू शकतो. आयसोलेटर (युनिटचा मेन स्विच) बंद केला म्हणून आत सगळं मेलेलं असेलच असं नाही. बंद करा, कुलूप लावा, मग टेस्टरने तपासा, आणि तपासण्याआधी व नंतर टेस्टर जिवंत जागी लावून तो चालतोय याची खात्री करा. इथे १९८९ च्या इलेक्ट्रिसिटी ॲट वर्क रेग्युलेशन्सखाली हे बंधनकारक आहे. विमा कंपनीही आधी तेच विचारते.

पॅनेलवाला_भोसरी | १३ नोव्हेंबर, सकाळी ९:०५ (भारतीय वेळ)

ताईंच्या सूचनेत एक भर, भारतातून तिकडे गेलेल्यांसाठी. आपल्याकडे लाल-पिवळा-निळा फेज आणि काळी न्यूट्रल, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. तिकडे नव्या वायरिंगमध्ये तपकिरी-काळी-राखाडी फेज आणि निळी न्यूट्रल. जुन्या इमारतीत मात्र अजूनही लाल-पिवळा-निळा आणि काळी न्यूट्रल सापडते. एकाच पेटीत दोन्ही पिढ्या असतील तर रंगावर विश्वास ठेवू नका, मीटरवर ठेवा.

हवालदिल | १३ नोव्हेंबर, दुपारी १२:१५ (इकडची वेळ)

कंट्रोलरवरून बंद केला, पंखा बराच वेळ फिरला आणि थांबला. आज सकाळी चालू केला तर लगेच गरम! बटणाला हात लावला नाही.

पण ११ च्या सुमारास परत गार. जाळी साफ असताना. आता?

चहाटळ | १३ नोव्हेंबर, दुपारी १२:३२

दिवसाचा चोर वेगळा निघाला.

टाँगटेस्टर | १३ नोव्हेंबर, रात्री ८:५०

निघणारच होता. रात्रीचं कारण मिटलं म्हणून दुसरं उघडं पडलं. आता वाऱ्याचा हिशोब करू, तो इथे सगळ्यांच्या उपयोगाचा आहे.

हवा किती अंश गरम होते याचं सोपं सूत्र: किलोवॅट गुणिले ३०००, भागिले हवेचा प्रवाह घनमीटर प्रति तास. तुमच्या आकाराच्या युनिटचा प्रवाह पूर्ण वेगाला १८०० धरा. १२ गुणिले ३००० म्हणजे ३६०००, भागिले १८००, आले २०. दुकानात १८ अंश असेल तर युनिटच्या तोंडाशी, हवा बाहेर पडते तिथे, ३८ यायला हवेत. प्रवाह निम्मा झाला तर वाढ ४० अंशांची, म्हणजे ५८. कटआउट तिथून फार लांब नसतो, कारण एलिमेंटच्या जवळची हवा याहून कितीतरी तापलेली असते.

तेव्हा एक साधा हवेचा थर्मामीटर घ्या, तारेच्या टोकाला सेन्सर असलेला, आणि युनिटच्या डाव्या, मधल्या व उजव्या भागात तोंडाशी धरून आकडे लिहा. इन्फ्रारेड बंदूक नको. ती हवेचं तापमान सांगत नाही, समोरच्या जाळीचं सांगते, आणि लोक त्यावरून काहीही ठरवतात.

हवालदिल | १४ नोव्हेंबर, सकाळी ११:२५

डावीकडे ३७, मध्ये ४४, उजवीकडे ६१ आणि वाढतच होता. तेवढ्यात गार झाला.

टाँगटेस्टर | १४ नोव्हेंबर, दुपारी १:३०

उजवी मोटर. या लांबीच्या युनिटमध्ये सहसा दोन मोटर असतात, दोन्ही बाजूंना एकेक ब्लोअर. उजवी हळू फिरतेय, त्या बाजूची एलिमेंट्स मात्र पूर्ण जोमात आहेत. पंखा पूर्ण बंद पडला असता तर कुणाच्याही लक्षात आलं असतं. अर्ध्या वेगाने फिरतो तेव्हा फसवतो, कारण आवाज येत असतो आणि तोंडाशी हात धरला की हवाही लागते.

संशयित क्रमाने: कंडेन्सर (मोटरला फिरायला जोर देणारा कपॅसिटर), बेअरिंग, ब्लोअरच्या पात्यांवर साचलेली घाण. पहिल्यापासून सुरू करा. सप्लाय बंद असताना उजवा ब्लोअर बोटाने फिरवा. मोकळा फिरला आणि आपोआप हळूहळू थांबला तर बेअरिंग ठीक. मग कंडेन्सर काढून मायक्रोफॅरड (त्याची क्षमता) मोजायचे, त्यावर छापलेल्या आकड्याशी ताडायचे. कंडेन्सर काढण्याआधी डिस्चार्ज करा. हे काम इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, पण काय मोजायचं ते तुम्ही त्याला सांगा. आणि शक्यतो दुसरा इलेक्ट्रिशियन.

पॅनेलवाला_भोसरी | १४ नोव्हेंबर, रात्री ८:१० (भारतीय वेळ)

झाकण उघडणारच आहात तर कॉन्टॅक्टरही (हीट चालू-बंद करणारा विजेवरचा मोठा स्विच) बघून घ्या. रोज गरम-गार होऊन टर्मिनलचे स्क्रू ढिले पडतात, तिथे तांबं काळवंडतं, इन्सुलेशन करपतं. सगळे स्क्रू घट्ट आवळा, विशेषतः न्यूट्रलचा. स्टार जोडणीत (तिन्ही फेजचे भार एकाच न्यूट्रलला जोडलेले) न्यूट्रल सुटली आणि तिन्ही फेजवर भार सारखा नसेल तर एखाद्या फेजवर व्होल्टेज २३० वरून वर सरकतं. कार्ड त्याच फेजवर असेल तर ते जातं. कुणाचं कार्ड लागोपाठ जळत असेल तर कार्ड बनवणाऱ्याला शिव्या देण्याआधी न्यूट्रल बघा.

कॉन्टॅक्टर गुणगुणत असेल तर आत धूळ, नाहीतर कॉइलला व्होल्टेज कमी. आणि कंट्रोलर बंद असूनही हीट येत असेल तर संपर्क चिकटलेत, तो ठोकून सोडवायचा नसतो, बदलायचा. नवा घेताना एसी-१ चं (हीटरसारख्या भाराचं) रेटिंग बघा, हीटरचा भार मोटरसारखा नसतो. त्याच कॉन्टॅक्टरवर एसी-३ चा (मोटरच्या भाराचा) आकडा लहान छापलेला असतो, तो बघून लोक उगाच मोठा घेतात आणि मग तो पेटीत बसत नाही.

लेस्टरकर_काकू | १४ नोव्हेंबर, रात्री ९:४५

धागा वाचतेय, छान चाललाय. आमच्या समाजाच्या हॉलच्या दारावर असाच हीटर आहे. उन्हाळाभर बंद असतो. दरवर्षी दिवाळीच्या कार्यक्रमाला पहिल्यांदा चालू केला की आरसीडी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) पडते आणि अर्ध्या हॉलचा अंधार. नुसता पंखा चालवला तर काही होत नाही. हे काय प्रकरण?

ओहम_शांती | १४ नोव्हेंबर, रात्री १०:२०

काकू, एलिमेंट्सना ओल धरते. नळीसारख्या एलिमेंटच्या आत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड भरलेली असते. ती इन्सुलेशन म्हणून उत्तम, पण टोकाची सीलं जुनी झाली की महिनोन्‌महिने बंद असताना हवेतला ओलावा शोषते. मग पहिल्या दिवशी धातूच्या आवरणात थोडा करंट गळतो आणि आरसीडी पडते. पंख्यावर काही होत नाही, हीटवर पडते, यावरूनच जवळजवळ कळतं.

इलेक्ट्रिशियनला ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन मोजणारा मीटर) लावून एकेक एलिमेंट वेगळं मोजायला सांगा. कार्ड आधी सोडवून ठेवायचं, नाहीतर मेगर त्यालाच खाईल. एखाद्याचा आकडा इतरांपेक्षा फार खाली असेल तर ते सुकवून परत मोजतात. तरीही वर आला नाही तर बदलायचं. उपाय म्हणाल तर उन्हाळ्यातही अधूनमधून अर्धा तास हीट लावत जा. आरसीडी काढून टाका असा सल्ला कार्यक्रमाच्या गडबडीत कुणीतरी देईलच, तो ऐकू नका.

लेस्टरकर_काकू | १४ नोव्हेंबर, रात्री १०:३१

दिला होता. गेल्या वर्षीच. त्यांना आता स्टेजच्या कामाला लावलंय.

धुक्यातला_माणूस | १५ नोव्हेंबर, सकाळी ८:५०

धागा थोडा पळवतो, क्षमस्व. एडिनबरात एका हॉटेलात मेंटेनन्स बघतो. आमचा कर्टन गरम पाण्यावरचा. गेल्या वर्षापर्यंत झकास होता. उन्हाळ्यात बॉयलर काढून हीट पंप बसवला आणि आता दारात पाहुणे कुडकुडतात. व्हॉल्व्ह उघडतोय, पंखे ठीक, जाळी स्वच्छ. पाणी ५० अंशांनी येतं, ४५ ने परत जातं.

टाँगटेस्टर | १५ नोव्हेंबर, दुपारी १२:४०

तुमच्या युनिटमध्ये बिघाड नाही, कॉइल (गरम पाणी फिरतं त्या नळ्यांचा संच) लहान पडतेय. जुन्या बॉयलरवर पाणी ८२ ने जाऊन ७१ ने परतत असे, सरासरी ७६.५. खोलीची हवा २० धरली तर फरक ५६.५ अंशांचा. आता सरासरी ४७.५, फरक २७.५. कॉइलची उष्णता साधारण या फरकाच्या प्रमाणात असते, म्हणजे ती निम्म्यावर आली. सर्व्हिसवाल्यांना कितीही बोलावलं तरी हा आकडा बदलणार नाही. कमी तापमानाच्या पाण्यासाठी नळ्यांच्या जास्त ओळींची कॉइल असलेलं युनिट लागतं.

बाकी पाण्यावरच्या युनिटवाल्यांनी आधी दोन्ही पाइपांना हात लावावा. जाणारा गरम आणि परतणारा गार असेल तर पाणी अडतंय: गाळणी भरली असेल, हवा अडकली असेल. दोन्ही गार असतील तर व्हॉल्व्ह किंवा त्याचा ॲक्चुएटर (व्हॉल्व्ह उघडणारा भाग). मेणाचा ॲक्चुएटर उघडायला काही मिनिटं घेतो, त्यामुळे चालू केल्या केल्या निष्कर्ष काढू नये. दोन्ही गरम आणि हवा तरी कोमट असेल तर पंखा किंवा कॉइलवरची धूळ.

निफाडकर | १५ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:१५ (भारतीय वेळ)

आमच्या द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजला हीटर नसलेला कर्टन आहे, तरी हवेचा हिशोब वाचायला मजा आली. आमच्याकडे दार उघडलं की खालून धुकं बाहेर येतं. वेग वाढवला तर उलट जास्त येतं. का?

टाँगटेस्टर | १५ नोव्हेंबर, संध्याकाळी ५:००

वेग वाढवला की झोत जमिनीवर आपटून दोन्हीकडे फुटतो आणि आतली गार हवा स्वतःच बाहेर ढकलतो. झोत जमिनीपर्यंत जेमतेम पोचावा एवढाच वेग ठेवा. पात्याचा कोन गरम बाजूकडे किंचित. कागदाची पट्टी दाराच्या उंबऱ्याशी धरून बघा.

हवालदिल | १७ नोव्हेंबर, रात्री ९:३०

अपडेट. नवीन इलेक्ट्रिशियन आज आला. उजव्या मोटरच्या कंडेन्सरवर ६ मायक्रोफॅरड छापलंय, मोजल्यावर ३.१ निघाला! पट्कन मिळणारा भाग, एलिमेंटच्या कोटेशनपुढे किंमत किरकोळ. बदलल्यावर तिन्हीकडे ३७ ते ३९. न्यूट्रलचा स्क्रू खरंच ढिला होता, पॅनेलवाले दादा. टाइम स्विच कार्डवर घेतला, मध्ये रिले घालून. आज रात्री ९ वाजता उभा राहून बघितलं, हीट गेली, पंखा फिरत राहिला, थांबला.

आता एकच तक्रार. हवा गरम आहे, कटआउट उडत नाही, पण काउंटरवर बसलेल्या मुलाच्या पायाला अजूनही गार वारा लागतो. युनिट लहान पडतंय का?

ओहम_शांती | १७ नोव्हेंबर, रात्री १०:०५

दुकानात कुठे एक्झॉस्ट फॅन आहे का? मागे स्वयंपाकघर वगैरे?

हवालदिल | १७ नोव्हेंबर, रात्री १०:११

मागे समोसे तळतो. मोठा एक्झॉस्ट आहे, दिवसभर चालू.

ओहम_शांती | १७ नोव्हेंबर, रात्री १०:४०

मग हा हीटरचा दोष नाही. एक्झॉस्ट जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी कुठून तरी आत येणारच, आणि तुमच्याकडे वाट एकच, पुढचं दार. एअर कर्टन दारातली थंड-गरम हवेची सरमिसळ रोखतो. पण दुकानच हवा ओढत असेल तर झोत आतल्या बाजूला वाकतो आणि खालून गार हवा घुसते. १८ किलोवॅटचं युनिट आणलंत तरी पाय गारच राहतील, बिल तेवढं वाढेल.

पडताळा सोपा आहे. एक्झॉस्ट पाच मिनिटं बंद करा आणि उंबऱ्याशी टिश्यू पेपर धरा. आत उडत होता तो शांत झाला तर कारण पक्कं. मग स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीत ताजी हवा आत घ्यायची जाळी करून घ्या, आणि तळण चालू नसताना एक्झॉस्टचा वेग कमी ठेवा. कर्टनच्या तोंडाची पाती थोडी बाहेरच्या बाजूला वळवा, आता बहुधा सरळ खाली असतील.

अजून एक: खोलीचा थर्मोस्टॅट कुठे आहे? कर्टनच्या झोतात असेल तर त्याला वाटतं दुकान तापलं, आणि तो हीट सारखी चालू-बंद करत राहतो. कॉन्टॅक्टर त्यानेच लवकर मरतात.

हवालदिल | १८ नोव्हेंबर, दुपारी २:२०

टिश्यू आत उडत होता, एक्झॉस्ट बंद केल्यावर खाली लोंबला. थर्मोस्टॅट दाराच्या चौकटीलाच आहे, बरोबर झोतात. जाळीसाठी घरमालकाची परवानगी मागितली आहे. थर्मोस्टॅट काउंटरमागच्या भिंतीवर नेता येईल. त्याची जुनी केबल टेलिफोनच्या पिनेसारखी आहे, बाजारात मिळणारी तयार टेलिफोनची लांब वायर लावली तर चालेल का?

ओहम_शांती | १८ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४५

लावण्याआधी दोन्ही टोकांच्या पिना शेजारी शेजारी धरून आतल्या तारांचे रंग बघा. तयार टेलिफोन वायरीत क्रम बऱ्याचदा एका टोकाला उलटा असतो, आणि काही युनिट्सना सरळ लागतो. जुन्या केबलचा जो क्रम आहे तोच नव्या केबलला हवा. लांबी किती चालते ते कंट्रोलरच्या मागच्या लेबलवरच्या मॉडेलवरून बनवणाऱ्याला विचारा.

टाँगटेस्टर | १८ नोव्हेंबर, रात्री ९:१५

आणि डाव्या मोटरचा कंडेन्सरही बदलून टाका. तो त्याच वयाचा आहे.